बाबांना गाउट झालाय, घरी सांभाळायचं कसं?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. बाबा ६७ वर्षांचे, चिपळूणला आई आणि ते दोघंच असतात, मी पुण्याहून आलेय. परवा मध्यरात्री उजव्या पायाचा अंगठा असा काही धरला की सकाळपर्यंत लालबुंद, कातडी ताणून चकचकीत झालेली, नुसती चादर लागली तरी ओरडतात. आधी वाटलं काहीतरी चावलं. इथल्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या गाउट म्हटलं. पण रक्तात युरिक अ‍ॅसिड ६.४ आलं, लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच आहे, मग गाउट कसा? सुजेसाठी कोल्चिसिन ०.५ आणि दुखणं थांबवायला एटोरिकॉक्सिब ९० दिलंय. बाबांना बीपी आहे, त्या गोळीत लघवी करवणारं ते हायड्रोक्लोरोथायझाइड पण आहे, शुगर आहे, किडनीचं क्रिएटिनिन १.७, म्हणजे वाढलेलं. आई गरम पाण्याच्या पिशवीने शेकतेय, शेजारच्या काकू एरंडेल चोळा म्हणतायत.
औषधाचं डॉक्टर बघतील हो, मला विचारायचंय ते माणसाला सांभाळायचं कसं. झोपवायचं कसं, संडासला कसं न्यायचं, खायला काय द्यायचं. आईच्याने बाबा उचलले जात नाहीत.

बाळ्या_कोल्हापूर
ताई, आधी ती गरम पिशवी फेका. मी ह्या रोगाचा जुना गिऱ्हाईक हाय, पहिला अ‍ॅटॅक आला तवा भावानं गरम मीठ कापडात बांधून शेकलं होतं, शेजारच्या गल्लीला माझा आवाज गेला. आमच्यात गटारीला मटण आणि बाटली झाली की श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात निम्मी तालीम पाय खुर्चीवर ठेवून बसलेली असती.

सिस्टर_अक्का
मी सरकारी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला नोकरी केली, आता रिटायर. वाशिष्ठीकाठ, विचारलंस ते बरं केलंस, कारण गाउटच्या पेशंटला लोक गोळ्या आणून देतात आणि बाकी सगळं उलटं करतात.

पहिलं म्हणजे त्या अंगठ्याला कुणी हात लावायचा नाही. चोळणं, मालिश, एरंडेल, बाम, शेक सगळं बंद. सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे खडे बसलेत आणि शरीर त्यांच्याशी भांडतंय, म्हणून तो भाग आधीच तापलाय. चोळलं की आणखी भडकतं.

दुसरं, चादर. वॉर्डात आमच्याकडे लोखंडी क्रेडल असायचं, पायावर कमानीसारखं ठेवायचं आणि वरून चादर टाकायची. घरी चौरंग घ्या, पूजेचा असतो तो. कॉटवर पायाच्या बाजूला ठेवायचा, पाऊल त्याच्या खाली आणि चादर त्याच्या वरून. चौरंग बुटका असेल तर जाड पुठ्ठ्याचं खोकं दोन बाजूंनी कापून घ्या. आणि पंखा! पंख्याच्या वाऱ्याने चादरीचं टोक फडफडतं आणि नेमकं अंगठ्याला लागतं, पेशंट रात्रभर त्या टोकाकडे बघत जागा असतो. टोकं गादीखाली खोचून टाका.

पाय उशीवर उंच ठेवा, पण उशी पोटरीखाली घ्यायची, टाच मोकळी राहिली पाहिजे. शुगरवाल्या माणसाची टाच एकाच जागी दाबून राहिली तर तिथे जखम व्हायला वेळ लागत नाही, रोज सकाळी टाचेकडे एकदा बघायचं.

बर्फ चालतो, चांगला चालतो. पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर नाही. बाबांच्या पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल तर दहा मिनिटांवर काढून कातडीचा रंग बघायचा, कारण त्यांना गार लागतंय की भाजतंय ते कळणारच नाही. बर्फाचंही वजन सोसत नसेल तर पिशवी अंगठ्यावर न ठेवता बाजूला टेकवून ठेवा.

आणि आता जे कुणी सांगत नाही ते. अशी माणसं पाणी पिणं बंद करतात. का, तर प्यायलं की लघवीला उठावं लागतं, आणि बाथरूमपर्यंत जाणं म्हणजे यमयातना. मग पाणी कमी, युरिक अ‍ॅसिड आणखी घट्ट, किडनीला त्रास. म्हणून कॉटशेजारी युरिनल ठेवायचं, मेडिकलात प्लॅस्टिकचं मिळतं. बाबा लाजतील, पहिल्या दिवशी नाहीच म्हणतील, आईने खोलीतून बाहेर जावं आणि दार ओढून घ्यावं, आपोआप वापरतात. संडाससाठी कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. चालायची वेळ आलीच तर काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात, म्हणजे त्यांच्या डाव्या हातात. बहुतेक लोक उलटी धरतात.

औषधाचं तू विचारलं नाहीस तरी बोलते. क्रिएटिनिन १.७ असलेल्या बीपीच्या माणसाला एटोरिकॉक्सिब, हे मला पटत नाहीये. डॉक्टरांना किडनीचा रिपोर्ट माहीत आहे का ते आजच विचार.

वाशिष्ठीकाठ
अक्का, खूप आभार!! रिपोर्ट पुण्यातला होता, इथल्या डॉक्टरांना दाखवलाच नव्हता. आत्ता फोन करते.

रातपाळीचा_डॉक्टर
अक्कांनी बहुतेक सगळं सांगितलंय, मी फक्त रिपोर्टचं सांगतो. अ‍ॅटॅक चालू असताना बऱ्याच जणांचं युरिक अ‍ॅसिड रक्तात उतरलेलं दिसतं. म्हणून आत्ताच्या ६.४ वरून गाउट नाही असं म्हणता येत नाही. दुखणं पूर्ण बसल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा, तो आकडा खरा धरा. याच्या उलट गोष्टही लक्षात ठेवा, नुसतं युरिक अ‍ॅसिड ७.८ आलं आणि सांधा कधी दुखलाच नाही तर त्याला गाउट म्हणत नाहीत, आणि त्या आकड्याला सहसा गोळीही लागत नाही. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमुळे असले घाबरलेले लोक ओपीडीत फार येतात.
क्रिएटिनिनबद्दल सहमत. आणि बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड युरिक अ‍ॅसिड वाढवतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण बदलता येईल का हे नक्की विचारा.

निसर्गवेडा_५५
गाउट म्हणजे आपल्याकडचं वातरक्त, हजारो वर्षं माहीत असलेला रोग आहे. गुळवेलीचा काढा सुरू करा, डाळी, टोमॅटो, पालक, वांगं, दही पूर्ण बंद, महिन्यात फरक दिसेल. अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत.

ठाण्याची_सून
@निसर्गवेडा, सासूबाईंना असंच कुणीतरी डाळी, दूध, भाज्या सगळं बंद करायला लावलं होतं. नुसता भात आणि दुधीचं पाणी. वजन उतरलं, उभं राहिल्यावर तोल जायला लागला, आणि सांधे मात्र दुखायचे ते दुखतच राहिले. नवीन डाएटिशियनने पहिल्या दिवशी वरण चालू केलं.

रातपाळीचा_डॉक्टर
डाळींबद्दल एकदा स्पष्ट लिहितो कारण हा प्रश्न रोज येतो. अमेरिकेत ४७ हजारांहून जास्त पुरुषांवर १२ वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २००४ साली छापून आला. त्यात मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला, पण प्युरिन (शरीरात ज्याचं युरिक अ‍ॅसिड बनतं ते) जास्त असलेल्या भाज्या, कडधान्यं यांचा संबंध दिसला नाही. दूधदुभतं घेणाऱ्यांमध्ये उलट कमी झाला. म्हणजे बाबांचं वरण, मूग, मठ्ठा, घरचं ताक सगळं चालू ठेवा. टाळायचं ते कलेजी, भेजा, वजडी, पायाचं सूप, दारू आणि त्यातही बिअर सगळ्यात आधी. आणि साखरेची पेयं, कोल्ड्रिंक, बाटलीतलं सरबत, उसाचा रस. फ्रुक्टोजने युरिक अ‍ॅसिड वाढतं हे लोकांना माहीतच नसतं, दारू सोडून दोन बाटल्या कोल्ड्रिंक पितात आणि म्हणतात पथ्य पाळतोय.
गुळवेलीबद्दल, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेपही घेतला होता. तो वाद बाजूला ठेवला तरी किडनी आधीच कमजोर असलेल्या माणसाला काढे देताना निदान डॉक्टरांना सांगा तरी.

निसर्गवेडा_५५
तुमचे अभ्यास अमेरिकेतले, आमचं शरीर इथलं. असो.

म्हापश्याचा
गोव्यातून लिहितोय. तुम्ही सगळे मटणावर अडकलात, आमच्याकडे प्रॉब्लेम नुस्त्याचा, म्हणजे मासळीचा. पप्पांना बांगडो आणि तारलो नसला तर जेवण गेलं नाही असं. पावसात तर सुकी सुंगटां रोज. डॉक्टर म्हणाले सगळं बंद, पप्पा म्हणाले मग मला पण बंद करा. शेवटी तह झाला की आठवड्यातून दोनदा, एकेक तुकडा, सुकी मासळी नाही, आणि अ‍ॅटॅकच्या दिवसांत काहीच नाही. सोलकढी चालते हो ना? बिनसाखरेची.

सिस्टर_अक्का
सोलकढी खुशाल. आणि तह चांगला केलात. पूर्ण बंद केलं की म्हातारी माणसं लपून खातात, मग तुम्हाला खरं कळत नाही. तारली, बांगडा, मांदेली, जवळा, सोडे यांत प्युरिन जास्त. पण एक ऐका, पथ्याने युरिक अ‍ॅसिड थोडंसंच खाली येतं. नुसत्या पथ्यावर ज्यांचा गाउट आटोक्यात राहिला असे पेशंट मी फार कमी बघितले. म्हणून "तुम्ही खाल्लंत म्हणून झालं" असं उठता बसता ऐकवू नका, आईला हे मुद्दाम सांगा. बाबांची किडनी युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकण्यात कमी पडते, त्यात त्यांचा काय दोष.

वाशिष्ठीकाठ
अपडेट. डॉक्टरांनी एटोरिकॉक्सिब थांबवलं, पाच दिवस प्रेडनिसोलोन ३० दिलंय, कोल्चिसिन रोज एकच. चौरंगाची आयडिया भन्नाट, बाबा पहिल्यांदा सलग झोपले. आई म्हणते सत्यनारायणाच्या चौरंगाला पाय लागतो, तर खालून पुठ्ठ्याचं खोकं आणलं आता, चौरंग देवघरात परत गेला 😄 युरिनलला बाबा तयार नव्हते, आई शेजारी जाऊन बसली तेव्हा वापरलं.
प्रश्न: शुगर सकाळी उपाशी १२८, म्हणजे स्टिरॉइडने काही झालं नाही ना?

सिस्टर_अक्का
सकाळची बघून फसू नकोस. प्रेडनिसोलोन सकाळी घेतलं की शुगर चढते ती दुपारनंतर, संध्याकाळी. ग्लुकोमीटर असेल तर दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघ. तीनशेकडे जायला लागली, किंवा सारखी तहान, सारखी लघवी झाली तर डॉक्टरांना फोन. गोळी नाश्त्यानंतरच द्या.

कोल्चिसिनचं म्हणजे, जुन्या काळी जुलाब होईपर्यंत दर तासाला देत राहायची पद्धत होती, ती केव्हाच गेली. आता पातळ जुलाब, उलट्या झाल्या की तो इशारा धरतात, गोळी थांबवून फोन करायचा. किडनी कमजोर असल्यावर तर जास्तच. "दुखतंय अजून, एक जास्त घ्या" असं घरच्या घरी करायचं नाही. आणि घशाला, खोकल्याला म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं तर कोल्चिसिन चालू आहे हे आधी सांगायचं, दोन्ही मिळून जीवावर बेतू शकतं.

पेंडशांची_पल्लवी
थोडं वेगळं, पण सांगणं गरजेचं वाटतं. आमच्या काकांना गाउट जुना, सगळ्या घराला सवय झालेली. एकदा गुडघा सुजला, ताप आला, सगळे म्हणाले आला परत गाउट, जुन्या गोळ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून आली, काका बडबडायला लागले. हॉस्पिटलात सुईने पाणी काढलं तर पू. सांध्यात इन्फेक्शन होतं, ऑपरेशन करून धुवावा लागला.

रातपाळीचा_डॉक्टर
फार महत्त्वाचं लिहिलंत. गाउटमध्येही बारीक ताप येतो, त्यामुळे गोंधळ होतो. पण थंडी वाजून ताप, माणूस मलूल किंवा गुंगीत, आधी कधीच न दुखलेला मोठा सांधा, किंवा दोन दिवस औषध घेऊनही वाढतच चाललेलं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही, त्यात शुगरचा पेशंट असेल तर अजिबात नाही. सांध्यातलं पाणी काढून तपासणं हाच निकाल असतो, त्यात खडे दिसले तर गाउट, जंतू दिसले तर इन्फेक्शन, आणि कधी कधी दोन्ही एकत्र सापडतात. पेशंटचा चार्ट करणार असाल तर त्यात टेंपरेचर सकाळ-संध्याकाळ लिहा.

बाळ्या_कोल्हापूर
लै भारी माहिती. आता माझा प्रश्न. डॉक्टरनं युरिक अ‍ॅसिड कमी करायची अ‍ॅलोप्युरिनॉल चालू केली, आणि तीन आठवड्यात दुसरा पाय धरला! गोळी घ्यायच्या आधी वर्षात दोनदा दुखायचं. माझ्या डोस्क्यात आलं की ही गोळीच दुखवती. बायको म्हणती बंद करा. काय करू?

सिस्टर_अक्का
बंद करू नका हो! इथेच सगळे घसरतात. गोळीने युरिक अ‍ॅसिड खाली यायला लागलं की सांध्यात वर्षानुवर्षं बसलेले खडे विरघळायला लागतात, सुटे होतात, आणि त्या गडबडीत पहिले काही महिने अ‍ॅटॅक येऊ शकतात. गोळी काम करतेय म्हणून येतात ते. म्हणूनच सोबत तीन ते सहा महिने कोल्चिसिन बारीक डोसात देतात, तुम्हाला दिली होती का? नसेल तर विचारा. अ‍ॅटॅक आला तरी चालू असलेली अ‍ॅलोप्युरिनॉल तशीच चालू ठेवायची, अ‍ॅटॅकचं औषध वेगळं घ्यायचं.
फक्त एका गोष्टीला लगेच बंद: अंगावर पुरळ. खाज, लाल चट्टे, तोंडात फोड, डोळे लाल, ताप, यातलं काही आलं की त्याच दिवशी गोळी बंद आणि डॉक्टरांकडे. उद्या बघू म्हणायचं नाही.

रातपाळीचा_डॉक्टर
+१. आकडाही लक्षात ठेवा, युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली ठेवायचं, त्याच्या खड्यांच्या गाठी झाल्या असतील तर ५ च्या खाली. साधारण ६.८ च्या वर युरिक अ‍ॅसिड रक्तात विरघळलेलं राहत नाही, खडे व्हायला लागतात, म्हणून लॅबच्या कागदावरचं ७.२ पर्यंत नॉर्मल हे गाउटवाल्याच्या कामाचं नाही. अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅमपासून सुरू करून (किडनी कमजोर तर ५०) काही आठवड्यांनी तपासून वाढवत न्यायचं. बरेच पेशंट १०० च्याच गोळीवर वर्षानुवर्षं अडकलेले असतात, ना आकडा खाली येतो ना कुणी परत तपासतं.
जाता जाता, ही गोळी ज्यांच्या कामातून आली त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. एलियनबाईंकडे पीएचडी नव्हती.
अजून एक, किडनी बदललेल्या पेशंटला, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून अ‍ॅझाथायोप्रिन चालू असेल तर अ‍ॅलोप्युरिनॉल फार धोक्याची, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही म्हणजे नाही.

ठाण्याची_सून
सिस्टर, सासूबाईंच्या बोटांवर पांढऱ्या गाठी आहेत, पाण्याच्या (लघवी करवणाऱ्या) गोळ्या बरीच वर्षं चालू. काल एक फुटली, आतून खडूच्या ओल्या चुऱ्यासारखं आलं. नणंद म्हणते पिळून काढून टाकू सगळं.

सिस्टर_अक्का
नणंदबाईंना थांबवा. ते पिळून संपत नाही, आत खोलवर असतं, आणि पिळलं की जंतू आत जातात. हात साबणाने धुऊन सलाइनने हळू धुवा, आपणहून सुटेल तेवढंच जाऊ द्या, वरून न चिकटणारं गॉज, पट्टी घट्ट नको कारण बोट सुजतं. हळद, कुंकू, टूथपेस्ट काही नाही. रोज ड्रेसिंग करताना बघायचं, भोवती लाली पसरतेय का, वास येतोय का, पिवळं येतंय का. तसं असेल तर सर्जनला दाखवा. बायकांना पाळी गेल्यानंतर गाउट होतो, आणि पाण्याच्या गोळ्या चालू असल्या की बोटांच्या पेरांवरच अशा गाठी येतात, घरचे त्याला साधा म्हातारपणाचा संधिवात समजून सोडून देतात. युरिक अ‍ॅसिड ५ खाली ठेवलं की गाठी बारीक होतात, पण महिने लागतात, कधी वर्षं. घाई करून उपयोग नाही.
भांडी घासताना हातमोजे. खरं तर भांडी घासूच नयेत त्यांनी, पण सासू ऐकणार आहे का तुमचं!

ठाण्याची_सून
नाही ऐकणार 😂 पण हातमोजे आणते.

वाशिष्ठीकाठ
बाबा आज अंगणात आले. सूज बरीच उतरली, अंगठ्याची साल निघतेय, खाज येते म्हणतात.

सिस्टर_अक्का
उतरताना साल निघते, खाजही येते, घाबरू नका. खोबरेल तेल हलक्या हाताने लावलं तर चालेल आता. पायाच्या नखांना आत्ता हात लावू नका, आठवडाभर थांबा. आणि आता दुखायचं थांबलं म्हणून बाबा गोळ्यांचं पाकीट कपाटात टाकतील बघ. खरी नर्सिंग आत्ता सुरू होते. आईला एक कॅलेंडर दे, त्यावर गोळी घेतली की बरोबरची खूण, दुखलं तर कुठला सांधा, आदल्या दिवशी काय झालं, उपास होता का, उन्हात फिरले का, जागरण, लग्नाचं जेवण, नवा बूट. कडक उपास आणि दिवसभर पाणी नाही असली एकादशी ह्या माणसाने करू नये. पाण्याचा अंदाज बाटलीने ठेवा, हार्टचा त्रास नसेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलं नसेल तर दोन-अडीच लिटर. पुढेमागे हर्निया, मोतीबिंदू कसलंही ऑपरेशन ठरलं तर गाउट आहे हे आधी सांगायचं, ऑपरेशननंतर तिसऱ्या चौथ्या दिवशी अंगठा धरलेले पेशंट आम्ही कितीतरी बघितलेत आणि सर्जन टाक्यांकडेच बघत असतो.

वाशिष्ठीकाठ
कॅलेंडर लावलं. बीपीची गोळी बदलून लोसार्टन दिलीय, ती युरिक अ‍ॅसिड थोडं कमी पण करते म्हणाले, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन परत तपासायला सांगितलंय. अ‍ॅलोप्युरिनॉल ५० सुरू होणार, सोबत कोल्चिसिन. एक शेवटचं विचारते, बाबांची जुनी चामड्याची चप्पल अंगठ्याच्या पट्ट्यावरच घासते. कुठली घेऊ?

सिस्टर_अक्का
अंगठ्याची चप्पल नकोच. शुगरवाल्यांसाठी एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची मिळते, मऊ तळव्याची, वर रुंद पट्टा आणि मागे टाचेला पट्टा असलेली बघ. सरकारी दवाखान्याबाहेरच्या चप्पलवाल्यांकडे बहुतेक असते, नाहीतर चिपळूणला पायाचं माप देऊन करून घ्या. माप संध्याकाळी द्यायचं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. पट्टा वेल्क्रोचा सांग, बकल नको, आईला वाकून लावावं लागेल.

बाळ्या_कोल्हापूर
कोल्हापुरी नाय चालायची म्हणजे. बघा, ह्यो रोग कुठं कुठं मारतो.